सुनेचा डोह आणि चार शेतांची भज्जी

लातूरच्या स्टँडवर त्या दिवशी सकाळी जेवढी गर्दी होती तेवढी दिवाळीलाही नसते. येळवस (वेळ अमावस्या) होती. या दिवशी लातुरातली दुकानं बंद, दालमिली बंद, क्लासची मुलंसुद्धा कोणाच्या ना कोणाच्या शेतावर. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जेवतो, ज्याला नाही त्याला दुसरा कोणी ओढून नेतो. आम्हाला शेत नाही. आमच्या मनीषाचे पप्पा दालमिलमध्ये कामाला आहेत, ते दरवर्षी मालकाच्या शेतावर जातात. मी घरी थांबते आणि मला ते बरं वाटतं. अनोळखी माणसांत जेवायला बसलं की माझा घास घशातच अडकतो.

पण यंदा मला जाणं भाग होतं. मुखेडच्या पलीकडे डोंगरात कवठदरा नावाचं गाव आहे. तिथलं स्थळ मनीषाला सांगून आलं आहे. मुलाचं नाव बालाजी. घरची शेती आणि मुखेडला पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान. मनीषाचे पप्पा आणि त्यांचे भाऊ आधीच बघून आले होते. आल्यावर मी विचारलं, "पाणी कसं आहे?"

"पाणी आहे."

"आणतात कुठून?"

"ते कशाला विचारू? ट्रॅक्टर आहे, दोन म्हशी आहेत, घर स्लॅबचं आहे."

"आणि शेत?"

"शेत एक नंबर. सुनेच्या डोहाला लागूनच."

मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. "कशाचा डोह?"

"सुनेचा."

"असं नाव का?"

"नाव आहे. नावाला काय कारण लागतं का?" एवढं बोलून त्यांनी हात धुतले.

दोन शहाणी माणसं एवढ्या लांब गेली, पोहे खाल्ले, ट्रॅक्टरला हात लावून बघितला आणि परत आली. ज्या पाण्याला सुनेचं नाव पडलं त्या पाण्यात सुनेचं काय झालं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तिथे सून म्हणून आपली मुलगी जाणार आहे. म्हणून मुलाकडच्यांनी येळवशीचं बोलावणं धाडलं तेव्हा मी येते म्हणाले. घरातले सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

सोबत आक्का होत्या. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. त्यांच्यादेखत डोहाची चौकशी करायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं, आणि त्यांना कळू न देता करायची तर त्या क्षणभर गप्प बसत नाहीत.

बस लागली तशी आक्कांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आम्ही आत पोहोचेपर्यंत त्या रुमालावर एक बाई बसलेली. चाकूर येईपर्यंत दोघींचं भांडण चाललं. शिरूर ताजबंदला ती बाई उतरली तेव्हा जाताना आक्कांना तिच्या शेतावर जेवायला बोलावून गेली. असा हा दिवस.

जागा मिळाल्यावर आक्का खुशीत आल्या. "संगीता, त्यायनी नाव बी काढून ठेवलंय बरं का. वैष्णवी. बालाजीची वैष्णवी. कसं वाटतंय?"

"मनीषा काय वाईट आहे?"

"अगं, वाईट कोण म्हणतंय? लग्नात नाव बदलावंच लागतंय. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नाव काढायचं. तुझं न्हाई बदललं का?"

बदललं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. तुरी पिवळ्या पडत आल्या होत्या.

मुखेडला बालाजी मोटरसायकल घेऊन येणार होता. फोन लावला तर लागेना. दऱ्यात रेंज नाही, हे आक्कांना माहीत होतं आणि त्यांनी ते तिथे पोहोचल्यावर सांगितलं. शेवटी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसलो. ड्रायव्हरने एका फाट्यावर उतरवलं, "दरा ह्यो खाली. जावा चालत," म्हणाला आणि निघून गेला.

फाट्यावरून दरा पहिल्यांदा दिसला तेव्हा मात्र माझा राग थोडा वेळ गेला. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, त्यांच्या अंगावर सीताफळीची झुडपं आणि पळस. मधे लांबट, अरुंद खोरं, कोणीतरी हिरवं लुगडं वाळत घालावं तसं. हरभरा, करडई, पोटरीत आलेली ज्वारी. मधून ओढा. आणि प्रत्येक शेतात एक कोप (कडब्याची खोपटी), प्रत्येक कोपीशेजारी चूल, सगळीकडून धूर वर चाललेला. गाव कुलपात आणि माणसं रानात. कवठदरा म्हणून मी कवठाचं झाड शोधत होते. एक दिसेल तर शपथ.

वाटेत एक माणूस भेटला. आक्कांनी विचारलं, "बालाजीचं शेत कुठं आलं?"

"कोन्या बालाजीचं? हितं दगड मारला तर बालाजीला लागतोय."

"मोटारवाल्या बालाजीचं. डोहाकडचं शेत."

"मग असं म्हना की! घोडतळ वलांडा, करोडगिरीच्या टेकाडाला वळसा घाला, फकिराची पट्टी डाव्या हाताला सोडा, म्होरं डोहच हाय."

मला वाटलं ही रस्त्यावरची ठिकाणं असतील, पाट्या असतील. पाटी एकाही ठिकाणी नव्हती. ती सगळी शेतांचीच नावं निघाली, आणि प्रत्येक शेतात आम्हाला पुढे जाऊ न देणारं एक माणूस होतं.

पहिलं घोडतळ. बांधावरून आमची डोकी दिसताच कोपीतून एक म्हातारे उठले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. "ओ बाई! तोंड चुकवून कुठं निघालाव? येळवशीला कुनी शेतावरनं उपाशी जातंय का?"

"आम्हाला पुढं जायचं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आक्का तोवर मांडी घालून बसल्या होत्या.

तात्यांच्या दोन सुनांनी वाढलं. भज्जी (तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे कोवळे दाणे बेसनात शिजवतात ती), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर, वर मडक्यातली आंबील. चव फार चांगली होती, खोटं का बोलू. मी उंडा चिवडत असताना तात्या सांगत होते, "निजामाच्या राज्यात जहागीरदार हितं यायचा. त्याचे घोडे ह्या चिंचंखाली बांधायचे. म्हनून घोडतळ. त्याच्या खाशा घोड्याचं नाव मोती. पांढराफेक, फकस्त कपाळाला काळा टिळा."

घोड्याचा टिळासुद्धा ठाऊक आहे, तर हे नक्की सांगतील असं वाटून मी आक्का हात धुवायला गेल्यावर विचारलं, "आणि तो सुनेचा डोह?"

"ती व्हय? ती खालच्या वस्तीवरची. सासूनं ढकललं म्हनत्यात. आमच्याकडं असलं कायबी न्हाई बरं का बाई."

मी हातातला उंडा पत्रावळीवर ठेवला. त्यावर तात्यांनी अजून एक उंडा टाकला.

तिथून निघालो तर समोरून एक दणकट मिशीवाला माणूस डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर घेऊन येत होता. पाणी मिशीवर निथळत होतं. आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्याच्या बायकोनं चांगलाच कामाला लावलाय ह्याला." थोडं पुढे गेलो तर आणखी एक गडी, त्याच्या खांद्यावर कळशी. मला वाटलं इथल्या बायका आजारी आहेत की काय.

करोडगिरीचं टेकाड म्हणजे निजामाच्या काळातला जकात नाका होता ती जागा. आता तिथे नुसता दगडांचा ढीग आहे. त्याच्या सावलीला सात-आठ बायका बसलेल्या. त्यांनी लांबूनच आरोळी दिली. मी मान खाली घालून चालले होते, तर एकीने येऊन माझा हातच धरला. "माय, रुसून चाललाव का काय? बसा की वो."

"आत्ताच जेवलो घोडतळावर."

"त्यांच्या भज्जीत दानंच नसत्यात. आमची खाऊन बघा."

पुन्हा पत्रावळ. पुन्हा खीर. नाक्यावरचा मुन्शी म्हणे एवढा कडक होता की नवरीच्या ओटीतलं खोबरंसुद्धा बाहेर काढून बघायचा. त्याचं नाव, त्याच्या पानाच्या डब्यावरची नक्षी, सगळं त्यांना आज्यांकडून ऐकून पाठ. मी माझा हात धरणारीला हळूच डोहाचं विचारलं.

"ती ना, वरल्या आळीची. नवऱ्यानं दुसरी केली म्हनून उडी टाकली बिचारीनं."

"पण घोडतळावर म्हणाले, खालच्या वस्तीची. सासूनं ढकललं."

"म्हनणारच! तेंच्याच भावकीतली असंल ती!" आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

मला हसू येईना. कोणी म्हणतं ढकललं, कोणी म्हणतं उडी. कोणी म्हणतं वरची, कोणी म्हणतं खालची. मेलेल्या बाईला गावभर एका घरातून दुसऱ्या घरात लोटत होते आणि मधे मला खीर वाढत होते.

टेकाड उतरताना भिजवलेल्या हरभऱ्यात माझा पाय रुतला आणि चपलेचा पट्टा तुटला. पुढचा रस्ता एक चप्पल पायात, एक हातात. पिशवीत पिन आहे का म्हणून आक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पिन हाय, पन ती माझ्या साडीला हाय."

फकिराच्या पट्टीवर मी ठरवलं होतं, कोणी काही म्हणो, थांबायचं नाही. तिथे एक पांढऱ्या शर्टातला तरुण आडवा आला. ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून त्याने स्वतःच ओळख करून दिली. माझ्या हातातली चप्पल बघून त्याने आधी तार आणून ती बांधून दिली. मग भज्जीची पत्रावळ आणि आंबिलीचा तांब्या पुढे केला. चप्पल बांधून घेतल्यावर नाही कसं म्हणणार?

आता मी आक्का आहेत की नाहीत हेही बघितलं नाही. "तो सुनेचा डोह, त्याचं नाव तसं का पडलं?"

त्याचा चेहरा पडला. "काकू, ते नाव इसरून जावा. आता आमी अमृतसागर करनार हाय. बोर्ड रंगवायला टाकलाय."

"का?"

"काय सांगावं? आमच्या पोरान्ला पोरी मिळंना गेल्यात. पाव्हने येत्यात, शेत बघत्यात, डोहाचं नाव इचारत्यात आन् परत फोनच उचलत न्हाईत." मग त्याच्या लक्षात आलं. "तुमी कुनाकडं निघालाव?"

"मोटारवाल्या बालाजीकडं," आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आंबील एका दमात पिऊन टाकली.

डोह आला. मी भीतीदायक, काळंकुट्ट काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. तसं काही नव्हतं. ओढा जिथे खडकाला वळसा घालतो तिथे साठलेलं हिरवट पाणी, काठाला काळे, पाण्याने गुळगुळीत झालेले दगड. वर एक उंबर. मुलाबाळांना घेऊन बसावं अशी जागा. दगडांवरून एक मुलगा घागर घेऊन वर येत होता, शर्ट अर्धा भिजलेला. आक्कांना बघून तो गोंधळला. नमस्कार करायला हात मोकळे नाहीत, घागर खाली ठेवावी तर जागा नाही. त्याने नुसती मान हलवली, तशी घागर हिंदकळली आणि उरलेलाही भिजला. तोच बालाजी. पाण्याच्या खेपांत त्याचं मुखेडला यायचं राहूनच गेलं होतं.

त्याची आई, अनुसयाबाई, कोपीतून बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, माझ्याच वयाच्या. हाताला बेसन लागलेलं. कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, शालीखाली बसवलेले. त्यांनी आम्हाला बसवलं आणि मी ज्याला भीत होते तेच झालं. पत्रावळ आली. भज्जी आली. मला वाटलं, आता रडू येईल.

"खावा की वो. लाजू नगा."

मी पत्रावळीला हात लावला नाही. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर मी परत जाणार आणि मीही मनीषाच्या पप्पांसारखीच ट्रॅक्टर बघून आलेली ठरणार. "अनुसयाबाई, एक विचारू? ही सून कोण होती?"

आक्कांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "संगीता, आजच्या दिवशी हे काय काढलंस?"

"विचारू द्या," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले. "ती आमच्याच घरची."

मला आधी खरंच वाटेना. सकाळपासून सगळ्यांनी तिला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं होतं. या पहिल्याच.

"माझ्या आजेसासऱ्याची पैली बायको. येळवशीचाच दिस व्हता म्हनत्यात. आख्खा दरा जेवायला. पहाटंपसून रांधत व्हती, वरनं पाण्याच्या खेपा. आंबिलीला पानी, भांड्याला पानी, पाव्हन्यांच्या हातावर पानी. पोटुशी बी व्हती. शेवटच्या खेपंला गेली ती आली न्हाई. घसरली म्हनत्यात." त्यांनी काठावरच्या काळ्या दगडांकडे हात केला. "आता मी काय तिथं न्हवते. घसरली का आनिक काय, कुनाला ठावं? तवापसून येळवशीला दऱ्यातल्या बाया पान्याला जात न्हाईत. बाप्येच आनत्यात."

म्हणजे ते मिशीवाले, ते कळशीवाले. आणि घोडतळावर, टेकाडावर मी जे पाणी प्यायले ते. ज्यांनी तिला दुसऱ्याच्या घरची म्हणून सांगितलं तेही घागरी वाहतच होते.

"नाव काय होतं तिचं?"

अनुसयाबाईंनी बालाजीकडे बघितलं, त्याने मान हलवली. "नाव न्हाई ठावं, बाई. माझ्या सासूला बी ठावं न्हवतं."

घोड्याचं नाव मोती. मुन्शीच्या डब्यावरची नक्षी पाठ. आणि या बाईच्या मरणाची आठवण म्हणून अख्खा दरा एक दिवस पाणी वाहतो, पण तिला हाक कोणत्या नावाने मारायचे ते कोणालाच माहीत नाही. मला इतका संताप आला की माझी लाज कुठे गेली ते कळलं नाही.

"आणि बाकीच्या दिवशी?" मी म्हणाले. "बाकीच्या दिवशी पाणी कोण आणतं?"

"बाकीच्या दिशी बोअरची मोटर हाय की."

"मोटर बंद पडली तर?"

अनुसयाबाईंनी पोराकडे असं बघितलं की तो घागर विनाकारण इकडची तिकडे ठेवू लागला. "बंद पडल्याली हाय. पंधरा दिस झाले. जगाच्या मोटारी नीट करतंय आन् घरची तशीच. आजच्या दिवसापुरती सुट्टी मला, न्हाईतर मीच आनती. ऐकलं का रे?"

"ऐकलं, माय," बालाजी म्हणाला.

आता आक्कांनाही हसू आवरेना. मी हसले नाही, माझं अजून बोलून व्हायचं होतं. "मुलगी द्यायची की नाही ते तिचं ती ठरवेल, ती स्वतः येऊन बघेल. पण एक आत्ताच सांगते. तिचं नाव बदलायचं नाही. ती मनीषा आहे."

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. वैष्णवी हे नाव त्यांनीच हौसेने काढलेलं होतं, ते मला तेव्हा समजलं, आणि वाईटही वाटलं. मग त्या म्हणाल्या, "माझं बी बदलल्यालं हाय. तुमचं?"

"द्वारका होतं. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथे तेच होतं."

"माझं सखू." एवढंच बोलून त्या चुलीकडे गेल्या. मग मी जेवले. चौथ्यांदा.

उन्हं कलल्यावर बालाजीने आम्हाला ट्रॅक्टरमधून फाट्यावर सोडलं. निघताना अनुसयाबाईंनी आंबिलीची किटली फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "सांडू नगा. ही मनीषाला द्या," म्हणाल्या.

सकाळपासून आक्का, तो सदस्य, सगळे पोरगी नाहीतर वैष्णवी म्हणत होते. मी किटली दोन्ही हातांनी धरली.

बसमध्ये आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. अहमदपूरकडचे प्रवासी चढले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुझं नाव द्वारका हे मला ठाऊकच न्हवतं." आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही.

घरी मनीषाच्या पप्पांनी विचारलं, "कसं आहे?" मी म्हणाले, "पाणी आहे." त्यांनी मान डोलावली, जसं काही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मला चारचौघांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे असं लिहून ठेवलं आहे. मनीषा, तू उभ्याउभ्याच आंबील प्यायलीस आणि विचारलंस, माणसं कशी आहेत. वाईट गोष्ट आपल्या घरची आहे असं म्हणणारी त्या दऱ्यात एकच बाई मला भेटली. बाकी मोटर नीट झाली का, ते तू जाऊन बघ. बोर्ड रंगवून व्हायच्या आत जा, म्हणजे डोहाचं खरं नाव सांगणारी माणसं भेटतील, कितीही वेगवेगळं सांगोत. आणि सकाळी घरून काही खाऊन निघू नकोस.